चढणाऱ्याला वाट

पाचनईला पोहोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. दिवाळी होऊन गेलेली, भात कापून झालेला, हवेत चांगलाच गारवा. हरिश्चंद्रगडाची वाट जिथून सुटते तिथल्या एका घरासमोर खळं सारवून ठेवलं होतं. अजून ओलं होतं. त्यावर बोटांनी ओढलेली अर्धवर्तुळं एकात एक गुंतत दारापर्यंत गेली होती आणि कडेला घोंगडीवर नागलीची कणसं पसरायची तयारी चालली होती. आम्ही पडवीत चहाची वाट पाहत बसलो होतो. तेवढ्यात दुसरा एक मोठा ग्रुप आला. पुढच्या मुलाच्या हातात मोबाईल, मोबाईलमध्ये कुणीतरी आधी चालून रेकॉर्ड केलेली वाट. ‘ट्रॅक इकडूनच दाखवतोय,’ असं म्हणत तो सरळ खळ्यावरून गेला. त्याच्या मागे सगळे गेले. घरातले काका ‘वाट पलीकडून हाय, बांधावरून,’ असं म्हणाले तोवर शेवटचा माणूसही पार झाला होता. ओल्या शेणावर बुटांच्या तळव्यांची नक्षी उमटली होती, कंपनीच्या नावाच्या उलट्या अक्षरांसकट. मावशी बाहेर आल्या, त्यांनी एकदा पाहिलं आणि आत जाऊन बादली घेऊन आल्या. ‘जाऊ द्या, सारवता येतंय परत,’ एवढंच म्हणाल्या. मग उकिडवं बसून, मागे मागे सरकत, एकेक ठसा हाताने बुजवत राहिल्या.

त्या मुलांमध्ये वाईट कुणी नव्हतं. पुढे देवळाजवळ भेटले तेव्हा त्यांनी आम्हाला चिक्की दिली, आमच्यातल्या एकीचा पाय मुरगळला होता तर क्रेप बँडेज दिलं. म्हणूनच ती गोष्ट मनातून जाईना. त्यांच्यापैकी कुणी दुसऱ्याच्या फ्लॅटचं दार उघडं दिसलं म्हणून हॉलमधून चालत गॅलरीत गेलं नसतं. खळ्याला भिंत नव्हती, कुंपण नव्हतं, दाराची बेल नव्हती. त्यामुळे ते घर आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

आणि माझ्या डोक्यात त्या दिवसांत घराशिवाय दुसरं काहीच नव्हतं. त्याच आठवड्यात बँकेचं मंजुरीपत्र आलं होतं. पुण्याच्या पश्चिमेला एक बांधकाम चालू असलेला टू बीएचके मी जवळजवळ नक्की केला होता. सॅम्पल फ्लॅटच्या खिडकीतून टेकडी दिसायची. तिथल्या मुलीने मला रेरा या घरबांधणीच्या कायद्याप्रमाणे कार्पेट एरिया, म्हणजे घरातली वापरायची जागा, किती, त्यात आतल्या भिंती कशा धरतात आणि बाल्कनी कशी वेगळी दाखवतात, हे फार नीट समजावून सांगितलं होतं. चौरस मीटर दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत. कराराच्या मसुद्यात भिंतीची जाडी होती, टाइल्सचा आकार होता, नळांचा दर्जा होता. कागदावर माझी जागा इतकी काटेकोर आखलेली पाहिल्यावर, पाचनईतल्या त्या बिनभिंतीच्या खळ्याची हद्द नेमकी कशाने राखली जाते, हा प्रश्न मला परतीच्या गाडीत सोडत नव्हता.

डोंगरात वागायचं कसं हे मला कॉलेजच्या ग्रुपमधल्या दादा-ताईंनी शिकवलं. शिकवलं म्हणजे बसवून सांगितलं असं नाही, चालता चालता खांद्याला धरून बाजूला केलं. पहिला धडा हाच होता: चढणाऱ्याला वाट द्यायची. उतरणाऱ्याने थांबायचं, आणि थांबताना डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या अंगाला नाही, कारण समोरच्याची सॅक लागली तर तोल आपला जाणार. चढणाऱ्याचा दम एका लयीत बसलेला असतो. मध्येच थांबवलं की तो तुटतो आणि पुन्हा जमवायला वेळ लागतो. त्याची नजर पायाखाली असते, वरून कोण येतंय ते त्याला उशिरा दिसतं. उतरणाऱ्याला मात्र वरून सगळं दिसतं. मला हा नियम पहिल्यापासून आवडला. ज्याला जास्त दिसतं त्याने थांबायचं, यात एक न्याय आहे असं वाटायचं.

मग बाकीचं हळूहळू अंगवळणी पडलं. गडावरच्या टाक्यातलं पाणी प्यायचं असतं, त्यात हात-तोंड धुवायचं नाही. बाटली बुडवायची, बाजूला यायचं आणि मग काय ते करायचं. संत्र्याची सालंसुद्धा पिशवीत घालून खाली आणायची. पायाखालून दगड सुटला की लाज न बाळगता ‘दगड’ म्हणून ओरडायचं. वळणावळणाची वाट तोडून सरळ खाली घसरायचं नाही, कारण पहिल्या पावसात तिथूनच पाण्याचा लोट सुटतो आणि दोन वर्षांत तिथे घळ पडते. गाणी लावायची नाहीत. कातळकड्यांना आग्या मोहोळं लोंबत असतात. धूर, उग्र अत्तर आणि गोंगाट यांनी माश्या उठल्या की पळायला जागा नसते, आणि त्यांचा राग ज्याने त्यांना उठवलं त्याच्यावरच निघेल याची खात्री नसते. काजव्यांच्या दिवसांत, मे संपता संपता, राजमाची किल्ल्याजवळच्या उधेवाडीकडे जाताना टॉर्च पायाशी धरायचा आणि गाडीचे दिवे झाडांवर टाकायचे नाहीत, कारण ते लुकलुकणं म्हणजे त्यांचं एकमेकांना बोलावणं असतं. गुराख्याने ओढून घेतलेलं काट्यांचं कवाड आपण पार झालो की पुन्हा ओढून घ्यायचं. आणि भाकरीचे पैसे ठरवताना घासाघीस करायची नाही. चुलीसमोर बसून वीस माणसांच्या नागलीच्या भाकऱ्या थापणं काय असतं, ते एकदा जवळ बसून पाहावं. पीठ गरम पाण्यात मळावं लागतं, भाकरी परातीत थापताना कडेने चिरते, ती चीर ओल्या बोटाने सांधत ती तव्यावर टाकायची आणि तोवर आधीची विस्तवासमोर उभी असते. धुराने डोळे वाहत असतात आणि बाहेरून कुणीतरी ‘मावशी, अजून एक’ म्हणत असतं.

यातलं काहीच कुठे लिहिलेलं नाही. हल्ली वनखात्याच्या पाट्या असतात, पाचनईत अभयारण्याचा नाकाही आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासूनचं. पण पाटी प्लास्टिकबद्दल सांगते. खळ्याबद्दल पाटी कोण लावणार? २०२५ च्या जुलैत राजगड, लोहगड, साल्हेर धरून १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि मला अभिमानाबरोबरच पायथ्याच्या घरांची काळजी वाटली. गर्दी वाढली की आधी गडाच्या पायऱ्या झिजत नाहीत, आधी पायथ्याच्या माणसांचा सोशीकपणा झिजतो.

घराचे आकडे मात्र सगळे लिहिलेले होते, आणि मी ते रोज रात्री वहीत पुन्हा मांडत होते. फ्लॅट ७८ लाखांचा. एवढ्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे ६२ लाख ४० हजार. उरलेले १५ लाख ६० हजार माझे. त्यावर बांधकाम चालू असलेल्या घराचा ५ टक्के जीएसटी, ३ लाख ९० हजार. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, बाईच्या नावावर घर असेल तर एक टक्का कमी, म्हणजे ४ लाख ६८ हजार. नोंदणीचे ३० हजार. हे वरचे पैसे माझी बँक घराच्या किमतीत धरत नव्हती, ते स्वतःजवळचे लागत होते. पहिल्यांदा घर घेणारे बहुतेक जण इथेच अडखळतात, कारण जाहिरातीत फक्त घराची किंमत असते आणि आपण वीस टक्के जमवून निर्धास्त असतो. मला एकूण साडेचोवीस लाख लागत होते. पीएफमधून निघतील ते धरून माझ्याकडे चौदा होते.

साडेदहा लाखांचा तो खड्डा बाबा भरणार होते. त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. संगमनेरला बँकेत त्यांची बारा लाखांची मुदत ठेव आहे, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतली. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलेला माणूस. आमचं संगमनेरचं घर त्यांनी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढत, फेडत, पुन्हा काढत बांधलं. आधी दोन खोल्या आणि वर पत्रे, मग स्लॅब, मग माझ्या दहावीच्या वर्षी मागची खोली. जिना अजूनही बाहेरून आहे, कारण तो जेव्हा परवडला तेव्हा आत जागा उरली नव्हती. पाचनईतलं ते घरही असंच वाढलं आहे. दर हंगामात थोडं थोडं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा कुडाची भिंत होती, मग विटा आल्या, मग ट्रेकर्सना झोपायला म्हणून एक लांबट खोली. भाकऱ्यांच्या पैशांतून उभी राहिलेली.

‘तू चढतेयस, तुला वाट द्यायलाच हवी,’ असं बाबा म्हणाले नव्हते. ते कधी डोंगरात आले नाहीत. पण ठेव मोडायच्या अर्जावर सही करायला ते इतक्या सहज तयार झाले की मला ते वाटेच्या कडेला, डोंगराच्या अंगाला पाठ टेकून उभे असलेले दिसले. ज्याला जास्त दिसतं तो थांबतो. त्यांना आयुष्याची उतरण दिसत होती आणि ते मला पुढे जाऊ देत होते. त्या क्षणी मला भरून आलं, आणि पाठोपाठ आतून काहीतरी टोचलं.

कारण तो नियम सगळीकडे चालत नाही, हे मला माहीत होतं.

हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको. कातळात जवळजवळ उभ्या खोदलेल्या, दोन्ही बाजूंना हात रुतवायला खोबण्या, आणि चढणारे-उतरणारे दोघांना तीच एक ओळ. तिथे मी एका सुट्टीच्या दिवशी अडकले होते. खालून माणसं चढतच होती. वरून उतरणारे बाजूला व्हावेत तर कुठे? बाजूच नाही. एक साठीच्या पुढचे गृहस्थ मध्यावर कातळाकडे तोंड करून खोबणीत बोटं रुतवून उभे होते आणि त्यांची पोटरी थरथरत होती. चढणाऱ्यांचा हक्क म्हणून लोक त्यांच्या अंगावरून चढत होते. वरून कुणीतरी जाणता माणूस ओरडला, ‘खालचे थांबा! आधी उतरणाऱ्यांना सोडा!’ आणि मग ओळ थांबली. चढताना पाय शोधता येतो; उतरताना पाय दिसत नाही, गुडघ्यावर सगळं वजन येतं आणि उभं राहून वाट पाहणं हेच सर्वांत अवघड काम असतं. अशा ठिकाणी चढणाऱ्याने थांबायचं. आमच्या ग्रुपचे जुने लोक कातळटप्प्यावर नेहमी हेच करत आलेत. आधी कोण थकलंय ते बघतात, मग नियम.

बाबांचा उजवा गुडघा तेव्हाच गेलेला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती आणि बाबा ती टाळत होते. पेन्शन आहे, पण पेन्शनमधून महिना जातो, गुडघा निघत नाही. बारा लाखांतले साडेदहा मी घेतले असते तर त्यांच्या उतरणीवर आधाराला उरलं असतं दीड लाख. आणि मी? मला तयार होणाऱ्या घराची तीन वर्षं वाट पाहायची होती. तोवर भाडंही भरायचं आणि इमारतीचा एकेक स्लॅब पडेल तसे बिल्डर जे पैसे मागेल त्या रकमेवरचं व्याजही. ताबा मिळाला की साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी महिन्याला ५४ हजारांवर हप्ता. बँकेच्या अधिकाऱ्याने माझ्या पगारावर हे बसतं असं सांगितलं होतं. बसत होतंही. पण बँक किती देते हे तिचं गणित आहे. आपल्याला किती पेलतं हे तिला विचारायचं नसतं. सॅक पाठीवर मावते म्हणून भरत गेलं की पहिल्या चढाला कळतं.

मी तो फ्लॅट सोडला. बुकिंगची रक्कम अजून भरली नव्हती, त्यामुळे सोडणं सोपं गेलं. रेरा आल्यापासून नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत हे खरं, पण दहा टक्केही परत मिळवताना माणसं मेटाकुटीला आलेली मी ऑफिसात पाहिली आहेत. आई म्हणाली, ‘हरकत नाही, दुसरं मिळेल.’ बाबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांना वाटलं मी त्यांचे पैसे नाकारले. नाकारलेच होते, पण ज्या अर्थाने त्यांनी घेतलं त्या अर्थाने नाही, आणि हे फोनवर समजावता येईना.

मग जुनी घरं बघायला लागले. पुनर्विक्रीच्या घराला जीएसटी नाही, भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते घेण्याआधीच बघता येतं, शेजारी कोण राहतंय ते दिसतं, पाणी किती वेळ येतं ते जिन्यात भेटणाऱ्या कुणालाही विचारता येतं. मला ही विचारपूस फार आवडली. डोंगरात पहिल्या घराशी थांबून ‘रामराम, वाट कुठून?’ असं विचारण्यासारखीच ती आहे. फोन जे सांगत नाही ते माणूस सांगतो. एका काकूंनी तर दार अर्धं उघडून, हातातला पोळीचा गोळा न ठेवता, सोसायटीची थकबाकी कोणाची किती आहे, पावसाळ्यात कुठल्या भिंतीला ओल येते आणि कन्व्हेयन्स झालंय का, हे सगळं सांगितलं. कन्व्हेयन्स झालेलं होतं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होती. पुण्या-मुंबईत कित्येक इमारतींचं अजून झालेलं नाही आणि लोकांना घर आपलं असल्याचं वाटत असतं तरी खालची जमीन बिल्डरच्याच नावावर राहते. मी त्याच इमारतीत घर घेतलं. तिसरा मजला, लिफ्ट आहे पण लहान, खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची आणि तिच्यावर वाळत घातलेले पापड.

घर मोजायला बाबा आले होते. जुन्या करारात क्षेत्रफळ ‘सेलेबल’मध्ये होतं, जिना-लॉबी सगळं धरून फुगवलेलं, त्यामुळे आतली जागा आम्हीच मोजायची ठरवली. बाबांनी संगमनेरहून लोखंडी टेप आणली होती, घर बांधतानाची, पहिल्या फुटावरचे आकडे पुसट झालेली. तिचं टोक ते भिंतीच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबून धरायचे आणि मी दुसऱ्या टोकाला आकडा वाचायचे. स्वयंपाकघरात त्यांना खाली वाकावं लागलं, ओट्याखाली टेप जाईना म्हणून. त्यांनी ओट्याला धरून, उजवा पाय लांब ठेवून, डाव्यावर भार देत स्वतःला खाली सोडलं. मी ‘राहू दे’ म्हटलं तर म्हणाले, ‘कोपऱ्यापर्यंत मोजायचं असतं, नाहीतर मोजू नये.’ सगळी बेरीज ५६० चौरस फुटांच्या आसपास आली. त्यांनी ती वहीत दोनदा करून पाहिली.

किंमत ५८ लाख. कर्ज ४६ लाख ४० हजार. मुद्रांक ३ लाख ४८ हजार, नोंदणीचे ३० हजार, एजंटचं एक टक्का, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५ हजार, त्याहून जास्त सोसायटीला घेता येत नाही. घर पन्नास लाखांच्या वरचं असल्याने विकणाऱ्याच्या पैशांतून एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून तो सरकारात मी भरायचा. हा भरायचा राहिला तर व्याज आणि दंड घेणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. वकिलाची, बँकेची फी धरून माझे साडेसोळा लाख लागत होते. अडीच लाख कमी पडले. एक लाख बाबांनी दिले, तेवढे मी घेतले. नाही म्हटलं असतं तर त्यांचा अपमान झाला असता. दीड लाख मामाकडून हातउसने घेतले.

हातउसन्या पैशांना कागद नसतो. ना व्याज, ना हप्ता, ना तारीख. बँकेचा करार मी वकिलाकडून वाचून घेतला, पण मामाच्या दीड लाखांनी माझी झोप जास्त उडवली. आई लहानपणापासून एकच सांगत आली आहे: देणाऱ्यावर मागायची वेळ आणायची नाही. म्हणून मी पहिल्या महिन्यापासून, जमेल तेवढी का होईना, पगाराच्या दिवशी मामाला रक्कम पाठवत गेले आणि ‘इतके पाठवले, इतके राहिले’ असा मेसेज करत गेले. मामा दर वेळी ‘कशाला घाई’ असं उत्तर द्यायचा. तो तसं म्हणणार आणि मी तरी पाठवणार, हा आमच्यातला न बोलता ठरलेला व्यवहार होता. त्या काळात मी त्याच्यासमोर नव्या सोफ्याचा विषयही काढला नाही. त्याने काही म्हटलं नसतं. पण ज्याचे पैसे आपल्याकडे अडकलेत त्याच्या डोळ्यांसमोर चैनीचं बोलणं म्हणजे ओल्या खळ्यावर बूट घालून चालणंच झालं. भिंत नसते तिथे आपणच जपून पाऊल टाकायचं असतं.

बँकेच्या कर्जात जपण्यासारखं वेगळं आहे. माझा हप्ता ४० हजार २६७ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले ३२ हजार ८६७ व्याजाला गेले आणि मुद्दल फिटलं ७ हजार ४००. तो आकडा बँकेच्या तक्त्यात पाहिल्यावर मी बराच वेळ गप्प होते. दर तसाच राहिला तर वीस वर्षांत ९६ लाख ६४ हजार भरायचे, त्यात निम्म्याहून जास्त व्याज. हे आधी माहीत असतं, तरी स्वतःच्या नावाखाली वाचताना वेगळं वाटतं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर आधी फेडीचा दंड लागत नाही, आणि सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलावर टाकलेला जादा रुपया सर्वांत जास्त व्याज वाचवतो. वर्षाला एकच हप्ता जास्त भरत गेलं तर वीस वर्षांचं कर्ज सुमारे साडेसोळा वर्षांत संपतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्याच्यामागे कर्जाचे दर चालतात, अडीच टक्क्यांनी चढला तेव्हा माझ्या ऑफिसातल्या कित्येकांच्या कर्जाची मुदत त्यांना न विचारताच वाढली होती, काहींच्या कर्जाची तर निवृत्तीच्या पलीकडे. आता हप्ता वाढवायचा की मुदत, हे बँकेने विचारायला हवं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. २०२५ मध्ये दर उतरले तेव्हा मी हप्ता आहे तेवढाच ठेवला, मुदत कमी करून घेतली. मामाचे पैसे तोवर फिटले होते.

पाचनईला मी नंतरही गेले. त्या मावशींनी आता खळ्याच्या वाटेकडच्या कडेला गोल गोटे ओळीने मांडले आहेत, त्यांना चुना फासला आहे. ते पाहून मला बरं वाटलं नाही. गोटे मांडावे लागले, म्हणजे त्याआधी कितीदा परत सारवावं लागलं असेल. आमच्याबरोबर ऑफिसमधली नवी मुलं होती, पहिल्यांदाच डोंगरात आलेली. गाडीतून उतरतानाच मी त्यांना फोन खिशात ठेवायला सांगितले आणि पडवीतल्या काकांना वाट विचारायला त्यांच्यातल्याच एकाला पुढे केलं. काका त्याला बांधापर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी कुठली करवंदाची जाळी चांगली, कुठे पाणी आहे, कुठल्या कातळावर शेवाळ आहे, सगळं सांगितलं. उतरताना त्या मुलाने केदारेश्वराच्या लेण्याकडे चढणाऱ्या एका आजींना पाहून सगळ्यांना कडेला उभं केलं. मी काही बोलले नव्हते.

बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया अखेर गेल्या हिवाळ्यात झाली, ठेवीतूनच. आता काठी सुटली आहे. पुण्याला आले की ते हॉलमध्ये झोपतात, कारण दुसरी खोली लहान आहे आणि तिथे पंख्याचा वारा नीट लागत नाही. दर वेळी अंथरूण घालताना म्हणतात, ‘तो दुसरा फ्लॅट घ्यायला हवा होतास. टेकडी दिसायची.’ मी म्हणते, ‘मग गुडघा कशातून केला असता?’ ते उशी झटकत म्हणतात, ‘गुडघ्याचं काय, अजून दोन वर्षं चाललं असतं.’ आणि आमचा वाद तिथून पुन्हा सुरू होतो.